टॅगने किती वेळा संदेश पाठवावा, हे आधी ठरव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ट्रॉल्यांना ॲक्टिव्ह आरएफआयडी टॅग (स्वतःच्या बॅटरीवर रेडिओ संदेश पाठवणारे टॅग) लावणार आहेस, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी मालकांना एकच विचार: ट्रॉली हलल्याचं किती उशिरा कळलं तरी चालेल? सगळी सेटिंग त्यावर ठरते. नवी मुलं दोन संदेशांमधलं अंतर २ सेकंद ठेवून मोकळी होतात. म्हणजे एक टॅग दिवसाला ४३,२०० संदेश पाठवणार. ३० सेकंद ठेवलेस तर २,८८०. बॅटरी तिथेच वाचते. हालचाल ओळखणारा सेन्सर असेल तर फारच छान: ट्रॉली हलताना ५ सेकंद, उभी असताना ५ मिनिटं.

आता नीट ऐक. सगळ्या टॅगांचं हे अंतर अगदी सारखं असलं, तर एकाच वेळी निघून एकदा एकमेकांवर आदळलेले दोन संदेश पुढेही बराच वेळ आदळत राहतात. बरेच टॅग नुसतं पाठवतात, पोच घेत नाहीत. संदेश हरवल्याचं त्यांना कळतही नाही. म्हणून ‘रँडम डिले’, म्हणजे प्रत्येक संदेशाची वेळ थोडी मागेपुढे करणारी सोय, चालूच ठेव.

टॅगची संदेश पाठवायची पॉवर वाढवायची घाई करू नकोस. ३ डेसिबल वाढवले की पॉवर दुप्पट होते, शेजारच्या खात्यातला रीडरही (संदेश टिपणारं यंत्र) तोच टॅग पकडतो, आणि ट्रॉली डाइंगला आहे की पॅकिंगला, याचा घोळ होतो. कमीपासून सुरू कर. मोजमाप माग चालू असताना, माल भरलेला असताना घे. साधा टॅग थेट पत्र्यावर चिकटवू नकोस, रेंज पडते.

‘टॅग हरवला’चा अलार्म उभ्या ट्रॉलीच्या संदेशांमधल्या अंतराच्या तिप्पट वेळेवर ठेव. बॅटरीची स्थिती मात्र दिवसातून एकदा मागवलीस तरी पुरे.