हिमालयातलं हिमस्खलन: तुमचे प्रश्न

प्रश्न: जानेवारीत आम्ही आठ जण पुण्याहून उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला चाललोय. ओळखीतले म्हणतात तिथे अव्हलांच (हिमस्खलन) येतच नाही. खरंय का?

नेहमीची वाट बरीचशी जंगलातून जाते म्हणून धोका कमी, पण "येतच नाही" असं बर्फाच्या डोंगराबद्दल कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. उताराचा कोन बघा. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त हिमस्खलनं होतात आणि कोन मोजायचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. सह्याद्रीत आपल्याला पायाखाली बघत चालायची सवय असते, तिकडे डोक्यावर काय लटकलंय तेपण बघायचं, कारण तुम्ही सपाटीवर असलात तरी वरचा उतार तुमच्यावर येऊ शकतो. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले, ते काही शिखर चढत नव्हते.

प्रश्न: गुलमर्गला गोंडोलाच्या (केबल कारच्या) वरच्या टप्प्यावरून ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या मार्गाबाहेर, स्की करायचंय. आधी कोणाच्या खुणा असतील तर उतार सेफ समजायचा ना?

नाही. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त घाबरवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थंडीत बर्फाच्या आत एक थर साखरेसारखा सुटा, रवाळ होतो, त्याच्यावर वाऱ्याने आणलेला बर्फ घट्ट बसतो, म्हणजे साखरेवर शहाबादी फरशी टेकवून ठेवल्यासारखं समजा. फरशी जिथे जाड तिथून नऊ जण जातील आणि काही होणार नाही, दहावा पातळ जागेवर आला की खालची साखर ढासळते आणि सगळी फरशी एकदम सुटते. पायाखाली "व्हुम्फ" असा आवाज आला, बर्फाला तडे गेले किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं तर तिथूनच मागे फिरा, चर्चा नंतर करा. गोंडोला जातो त्या अफरवत डोंगरावर स्की पेट्रोल, म्हणजे सुरक्षा बघणारं पथक, ठराविक भागच सांभाळतं, त्याच्या बाहेर तुमचं तुम्ही. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथेच दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. आणि मोठा स्नोफॉल झाला की निदान दोन दिवस थांबा, वारा चालू असेल तर अजून जास्त. सुट्टी संपतेय हे कारण होऊ शकत नाही.

प्रश्न: बीकन महाग आहे, गाईडकडे एक असला तर चालेल का?

अजिबात नाही. बीकन म्हणजे सिग्नल सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, ते शोधणाऱ्याकडेही हवं आणि गाडलेल्याकडेही, तरच उपयोग. सोबत प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे, कारण थांबलेला बर्फ सिमेंटसारखा होतो, हाताने उकरता येत नाही. मोबाईल बीकनपासून निदान २० सेंमी लांब ठेवा, शोधताना ५० सेंमी. विकत नाही घेता आला तर भाड्याने घ्या, पण जायच्या आधी मैदानात एकमेकांचा बीकन लपवून शोधायची प्रॅक्टिस करा.

प्रश्न: उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात सापडले ते तर ट्रेनिंगवाले होते, मग आपल्यासारख्यांचं काय?

४ ऑक्टोबर २०२२, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची बॅच, २९ जण गेले. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही करून आलेली. आजही लिहिताना त्रास होतो. त्यांच्यावर बोट ठेवणं मला पटत नाही. एवढंच म्हणेन की हिमस्खलन फक्त जानेवारी-फेब्रुवारीचं असतं हे डोक्यातून काढा, पावसाळा संपल्यावर वरती पडलेला नवा बर्फही तितकाच घातक असतो.

प्रश्न: समजा कोणी गाडलं गेलं, तर आधी फोन करायचा की शोधायचं?

शोधायचं. शेवटचा जिथे दिसला ती जागा नजरेने पकडून ठेवा, वरून अजून काही येत नाहीये ना ते बघा आणि तिथून खालच्या बाजूला लगेच शोध सुरू करा. पहिली १०-१५ मिनिटंच खरी असतात, बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. माणसं जास्त असतील तर एकाने फोन करावा, बाकीच्यांनी फावडी काढावीत.