विश्वामित्रीचे फूट, पावसाचे मिलिमीटर आणि पुरानंतरचा ताप: वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्याच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत.

रेड अलर्ट म्हणून शाळा बंद ठेवल्या आणि आमच्याकडे दिवसभर चार थेंब पडले नाहीत. या इशाऱ्यांवर भरवसा कसा ठेवायचा? (एक पालक, अकोटा)

इशारा जिल्ह्याला दिलेला असतो, आणि बडोदा जिल्हा सावलीपासून करजणपर्यंत पसरलेला आहे. अकोट्यात ऊन असताना वाघोडियाला धो धो पाऊस असणं अगदी शक्य आहे. म्हणून रंग बघून थांबू नका, त्याखालचं वाक्यही वाचा. 'तुरळक ठिकाणी' याचा हवामान खात्यातला अर्थ ठरलेला आहे: जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. 'बहुतांश ठिकाणी' म्हटलं असेल तर तीन चतुर्थांशांहून जास्त. तुरळक ठिकाणी अतिवृष्टीचा इशारा असेल तेव्हा जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांना तो चुकल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात तो चुकलेला नसतो.

पावसाच्या शब्दांनाही मापं आहेत. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 म्हणजे अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. रंग मात्र निव्वळ मिलिमीटरवरून ठरत नाही. पाऊस पडण्याची शक्यता किती आणि पडला तर नुकसान किती, हे दोन्ही त्यात धरलेलं असतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आमच्या मते घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा दिवस केशरी इशाऱ्याचा. तळमजल्यावरच्या वस्तू वर नेणं, टाकी भरून ठेवणं, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत घालणं ही कामं त्याच दिवशी होतात. लाल रंग दिसेपर्यंत बरेचदा रस्ते भरलेले असतात.

प्रत्यक्ष त्या दिवशी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज उघडून बसू नका. खातं तीन तासांपुरता तात्काळ अंदाज देतं, तो बघा. विजांसाठी 'दामिनी' हे अॅप आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' अॅप तुम्ही असाल त्या भागाचे इशारे दाखवतं. त्यात गावी राहणाऱ्या आई-वडिलांचा जिल्हाही जोडून ठेवता येतो.

वर्तमानपत्रात 9 इंच आणि हवामान खात्याच्या आकड्यात 6 इंच, असं का? (रावपुरा)

दिवस वेगळा मोजला जातो. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. गांधीनगरच्या राज्य नियंत्रण कक्षाचे तालुकावार आकडे सकाळी सहा ते सहाचे. पहाटे जोराचा पाऊस झाला की तो दोन तक्त्यांत दोन वेगळ्या तारखांना जाऊन बसतो. मोजण्याची जागाही निराळी असते. तुलना करायचीच तर एकाच स्रोताची सलग आकडेवारी घ्या.

2024 च्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबल्यावरही आमच्या सोसायटीत पाणी चढतच होतं. पुढच्या वेळी आधी कसं कळावं? (समा)

बडोदेकरांनी पुन्हा पुन्हा विचारावा असा हा प्रश्न आहे, कारण आपण सगळे आभाळाकडे बघतो आणि पूर येतो तो नदीतून. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर आजवा सरोवर आहे, सयाजीराव महाराजांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेलं. शहरात नदीला किती पाणी येणार हे हालोल, पावागड आणि वाघोडियाकडच्या पावसावर आणि आजव्यातून किती सुटतंय यावर ठरतं. दांडिया बाजारातला पाऊस थांबला म्हणून वरचं पाणी थांबत नाही, ते वाटेत असतं.

31 जुलै 2019 ला शहरातच एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला. तो पूर डोक्यावर पडलेल्या पाण्याचाही होता. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली आणि शहरातला पाऊस ओसरल्यावरही तिथेच रेंगाळली. दोन्ही पूर वेगळ्या स्वभावाचे होते, म्हणून त्यांची पूर्वसूचनाही वेगवेगळी मिळते.

लक्ष ठेवायचे आकडे तीन. काळाघोडा पुलाजवळची नदीची पातळी: तिथे धोक्याची पातळी 26 फूट धरतात. आजवा सरोवराची पातळी. आणि हालोल-वाघोडियाचा गेल्या काही तासांचा पाऊस. नुसती पातळी लिहून भागत नाही, दर तासाला ती किती चढते हे लिहा. 22 फुटांवर स्थिर असलेल्या नदीपेक्षा 19 वरून तासाला फूटभर चढणारी नदी जास्त काळजीची, कारण त्या गतीने ती सात तासांत 26 गाठेल. आजव्याची पातळीही चढत असेल आणि वर पाऊस चालू असेल तर सात तासही मिळणार नाहीत असं धरा.

त्याहून उपयोगी काम कोरड्या दिवसांत करायचं. मागच्या पुरात काळाघोड्याला किती फूट असताना तुमच्या फाटकाशी, जिन्याच्या पहिल्या पायरीशी आणि मीटरच्या पेटीशी पाणी आलं, ते जुन्या रहिवाशांना विचारून भिंतीवर रंगाने खूण करून ठेवा. मग '28 फूट' ही बातमी तुमच्या सोसायटीसाठी काय आहे हे चौकीदारालाही कळेल. इतर मोठ्या नद्यांसाठी केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' अॅप इशारा-पातळी, धोका-पातळी आणि आजवरची सर्वोच्च पातळी दाखवतं. नर्मदाकाठी नातेवाईक असतील तर त्यांना ते जरूर दाखवा.

अडकलात तर 112, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी 1077. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी जवळच जरोदला आहे, पण तिला बोलावण्याचा रस्ता नियंत्रण कक्षातूनच जातो. फोनवर सोसायटीचं नाव, किती माणसं, त्यात आजारी, गरोदर आणि अंथरुणावरचे किती, आणि पाणी कुठवर आहे एवढं सांगा. बोट कुणाकडे आधी पाठवायची हे त्या उत्तरांवर ठरतं.

पाणी शिरतंय असं दिसलं की मेन स्विच बंद केला म्हणजे पुरे ना? (फतेगंज)

इन्व्हर्टर असेल तर नाही. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वीज गेल्यासारखंच वाटतं आणि तो काही खोल्यांना वीज द्यायला लागतो, त्यात जमिनीलगतचे सॉकेट असू शकतात. आधी इन्व्हर्टर बंद करा, त्याचं बॅटरीचं कनेक्शन काढा, मग मेन. हे सगळं हात-पाय कोरडे असतानाच. पाण्यात उभं राहून पेटीला हात लावू नका. पूर ओसरल्यावर वायरमनने तपासेपर्यंत काही चालू करू नका. भिंतीतल्या पाइपांत आणि सॉकेटच्या डब्यांत पाणी दिवसेंदिवस राहतं. मीटरच बुडला असेल तर वीज कंपनीला कळवा.

गाडी बुडाली असेल तर 'चालू होते का बघू' म्हणून चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय असं नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण लागतं. पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढा, बॅटरी सोडवा, गाडी ओढूनच न्या.

सोसायटीत एकदम बऱ्याच जणांना जुलाब सुरू झाले. कॉर्पोरेशनला कळवलं तर नेमकं काय होतं? आणि आम्ही टाकीत ब्लीचिंग किती घालायची? (सोसायटीचे सचिव, कारेलीबाग)

देशात साथींवर नजर ठेवणारी यंत्रणा 2004 मध्ये सुरू झाली आणि 2021 पासून तिचं काम एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ऑनलाइन चालतं. आरोग्यसेविका लक्षणांवरून संशयित रुग्ण नोंदवते, डॉक्टर निदानावरून, प्रयोगशाळा तपासणीवरून. तिन्ही नोंदी जिल्ह्याच्या कक्षात आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रापर्यंत दिसतात. पण ज्याने घरच्या घरी गोळी घेतली तो यात कुठेच येत नाही. सोसायटीतले निम्मे लोक दुकानातून औषध आणत असतील तर कागदावर साथ नसतेच. म्हणून तुमचा फोन हीच पहिली नोंद ठरू शकते.

फोन करण्याआधी अर्धा तास देऊन एक यादी करा: फ्लॅट, वय, जुलाब सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, पाणी कुठलं प्यायले. ही यादी सोन्यासारखी आहे. रुग्ण एकाच विंगचे असतील तर संशय त्या विंगच्या वरच्या टाकीवर. सगळ्या विंगांत असतील आणि शेजारच्या सोसायटीत कुणी नसेल तर तळटाकीवर. अख्ख्या रस्त्यावर असतील तर नळाच्या लाइनवर. सगळे एकाच दिवशी आजारी पडले आणि एकाच पंगतीला जेवले असतील तर पाण्यामागे धावण्याआधी जेवण तपासा. कॉर्पोरेशनचं पथक आल्यावर शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या, नाहीतर प्रयोगशाळेत जंतू वाढत नाहीत आणि पटकीचं, म्हणजे कॉलराचं, निदान हुकतं.

लाइन दूषित कशी होते, हेही समजून घ्या. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं. बाकी वेळ नळ रिकामा असतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ कैक पटीने वाढते. साथीच्या दिवसांत थेट मोटर बंद ठेवा आणि पहिली दहा मिनिटं आलेलं पाणी पिण्यासाठी भरू नका.

आता टाकी. पुराचं पाणी शिरलेली टाकी आधी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा. मग ती स्वच्छ पाण्याने भरून दर 1000 लिटरला 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर या प्रमाणात घाला. 20,000 लिटरच्या टाकीला 3 किलो. 24 तास ठेवा, नळ उघडून हेच पाणी पाइपांतही फिरवा, नंतर सगळं सोडून द्या. ते पाणी पिण्याचं नाही, हे प्रत्येक दारावर लिहून लावा. त्यानंतर रोजच्या पाण्याला साधारण 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे त्याच टाकीला 50 ग्रॅम.

पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणीच ओता. तासाभराने क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन मोजणाऱ्या छोट्या संचाने, तपासा: साथीत लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. उरत नसेल तर मात्रा वाढवा. बहुतेक वेळा दोष पावडरीचा असतो. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, पण उघडं पोतं पावसाळ्यात झपाट्याने कमजोर होतं. पावडर संडासाच्या अॅसिडजवळ कधीही ठेवू नका, दोन्ही मिसळल्यास विषारी वायू निघतो.

रुग्णाला तोपर्यंत ओआरएस. 20.5 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं, अर्धं अर्धं नाही. 24 तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सहा महिन्यांवरच्या बाळाला सोबत झिंक, रोज 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी 14 दिवस.

पूर ओसरून तीन आठवडे झाले. आता आलेला ताप पुराचा समजायचा का? (मांडवी)

समजायचा, उलट आता जास्त लक्ष द्यायचं. जुलाब आणि पटकी पहिल्या पाच-सात दिवसांत दिसतात. लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा आजार) बहुधा 5 ते 14 दिवसांत, क्वचित महिन्यानेही: ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे. सुरत, नवसारी, वलसाडच्या डॉक्टरांना तो चांगला परिचित आहे, आपल्याकडे मात्र 'पुराच्या पाण्यातून चाललो होतो' हे तुम्हीच डॉक्टरांना सांगायला हवं. डेंग्यूला उशीर लागतो, कारण पूर आधी अळ्या वाहून नेतो. मग साचलेल्या पाण्यात डास तयार व्हायला 7 ते 10 दिवस आणि चावल्यावर ताप यायला 4 ते 10 दिवस. डेंग्यूसाठी रक्ताची पहिल्या पाच दिवसांत एनएस1 तपासणी, त्यानंतर आयजीएम तपासणी. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा. ताप उतरतानाच पोटात कळा, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

कावीळ सगळ्यात शेवटी येते, दोन ते आठ आठवड्यांनी, तेव्हा पुराची आठवणही पुसट झालेली असते. घरात गरोदर बाई असेल तर तोवर पाणी उकळूनच द्या. अशी कावीळ करणारा हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जीवघेणा ठरतो.

सोसायटीत मगर आली तर? (सयाजीगंज)

दारं बंद, मुलं आणि कुत्री आत, वनविभागाला फोन. दगड मारू नका, तिला कोपऱ्यात गाठू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. नदीकडे जायला वाट मोकळी असेल तर ती बरेचदा आपसूक परत जाते. पुरानंतर साचलेल्या गढूळ पाण्यात पाय घालण्याआधी लांब काठीने चाचपा.

चांदीपुरा विषाणू डासांमुळे होतो का? (वाडी)

मुलांमध्ये मेंदूज्वर करणारा हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीमुळे (सँडफ्लाय, डासाहून लहान चावरी माशी) पसरतो. विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला. गुजरातेत जुलै 2024 मध्ये साबरकांठ्यापासून मोठी साथ आली. वाळूमाशी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. तिला ओलसर माती, शेण-कचरा आणि मातीच्या भिंतींच्या भेगा लागतात. म्हणून नुसती पिंपं रिकामी करून भागणार नाही: भेगा लिंपा, गोठा घरापासून दूर ठेवा, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बारीक जाळीची मच्छरदाणी द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक जोराचा ताप आणि झटके आले किंवा ते गुंगीत गेलं तर सकाळची वाट पाहू नका. एक-दोन दिवसांत मूल बेशुद्ध होऊ शकतं आणि यावर खास औषध नाही. मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात 108 ने थेट न्या.