पलूसचा वाइनमेकर आणि ऑस्ट्रेलियाची वाट

(या अंकात द्राक्ष व वाइन व्यवसायातील वाचकांच्या परदेशातील नोकरीविषयक तीन पत्रांना उत्तरे दिली आहेत.)

प्रश्न : मी पलूस तालुक्यातला. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाल्यावर पुण्यात वाइन टेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केले आणि गेली सहा वर्षे एकाच वाइनरीत आहे. वाइन तयार करण्याचे सगळे काम मीच पाहतो, पण नेमणूकपत्रावर माझे पद ‘प्रॉडक्शन केमिस्ट’ असे आहे. पहिली दोन वर्षे पगार रोख मिळत असे. वय ३२, विवाहित, पत्नी पदवीधर. ऑस्ट्रेलियात वाइनमेकर म्हणून कायमचे जाण्यासाठी नेमके काय लागते?
— एक वाचक, पलूस

उत्तर : ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय वर्गीकरणात ‘वाइन मेकर’ हा स्वतंत्र व्यवसाय असून त्याचा क्रमांक २३४२१३ आहे. तो रसायनतज्ज्ञ आणि अन्न व वाइन शास्त्रज्ञांच्या गटात मोडतो आणि त्यासाठी किमान पदवीच्या दर्जाचे शिक्षण अपेक्षित असते. व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी आपले शिक्षण आणि काम या व्यवसायाला साजेसे आहे असा निर्णय ‘व्हेटअ‍ॅसेस’ या मूल्यांकन संस्थेकडून मिळवावा लागतो. आपली एम.एस्सी. थेट याच विषयातली असल्यामुळे शिक्षणाची बाजू भक्कम आहे. आपल्याकडची तीन वर्षांची पदवी तिथे सरसकट समतुल्य धरली जात नाही, म्हणून पदव्युत्तर शिक्षणाची कागदपत्रे बी.एस्सी.च्या कागदांसोबतच जोडावीत.

खरी अडचण कामाच्या पुराव्याची आहे, आणि आपल्या पत्रातली दोन वाक्ये त्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. पहिले पदाविषयी. मूल्यांकन करणारा अधिकारी पदनाम वाचतो, पण निर्णय मात्र कामाच्या स्वरूपावर घेतो. टाक्या धुणे, पंप चालवणे, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत रस घेणे ही कामे तिथल्या वर्गीकरणात ‘सेलर हँड’ या वेगळ्या आणि कमी कौशल्याच्या व्यवसायात जातात. केवळ प्रयोगशाळेत नमुने तपासणारा माणूसही वाइनमेकर ठरत नाही. वाइनमेकर तो, जो द्राक्षाच्या निवडीपासून बाटलीपर्यंतच्या उत्पादनाचे नियोजन करतो आणि त्यावर देखरेख ठेवतो. म्हणून आपल्या मालकांकडून लेटरहेडवर सही-शिक्क्याचे जे अनुभवपत्र घ्याल, त्यात ‘उत्पादन विभागात समाधानकारक काम केले’ अशा ठोकळेबाज वाक्यावर समाधान मानू नका. बागेतल्या घडांचा ब्रिक्स (साखरेचे प्रमाण), सामू आणि आम्लता पाहून तोडणीचा दिवस कोण ठरवत होते, शिराझ आणि शेनिन ब्लां या द्राक्षवाणांसाठी यीस्ट कोण निवडत होते, आंबवण्याचे तापमान, सल्फर डायऑक्साइडची मात्रा, ओकच्या पिंपात मुरवण्याचा काळ आणि शेवटचे मिश्रण यांचा निर्णय कोणाचा होता, हाताखाली किती माणसे होती, हे सर्व त्या पत्रात स्पष्ट यायला हवे. नोकरीची सुरुवातीची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि सही करणाऱ्याचा संपर्क यांचाही त्यात उल्लेख असावा. पदनाम बदलून घेण्याचा मोह मात्र टाळावा. पीएफच्या नोंदीत एक पद आणि पत्रात दुसरे, असे दिसले की संशय येतो. ‘पद प्रॉडक्शन केमिस्ट, प्रत्यक्ष जबाबदारी वाइननिर्मितीची’ असे मालकांनी सरळ लिहून देणे अधिक विश्वासार्ह ठरते.

दुसरे वाक्य रोख पगाराचे. आपल्या भागातल्या लहान वाइनरींत ही पद्धत नवी नाही, पण मूल्यांकनात पगार मिळाल्याचा स्वतंत्र पुरावा मागितला जातो: पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा, फॉर्म १६, पीएफचे पासबुक. यांतले काहीच नसेल तर केवळ अनुभवपत्रावर ती दोन वर्षे मान्य होण्याची आशा धरू नये. व्हिसासाठी वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी यांना गुण दिले जातात; याचा परिणाम त्या गुणांवर कसा होतो ते पाहा. मूल्यांकनासाठी गेल्या पाच वर्षांत पदवीनंतरचे किमान एक वर्षाचे समर्पक काम, आठवड्याला किमान २० तास, दाखवावे लागते आणि पात्रता सिद्ध करण्यात खर्ची पडलेला हा काळ गुणांसाठी पुन्हा मोजला जात नाही. सहाही वर्षे सिद्ध झाली तर गुणांसाठी पाच वर्षे उरतात आणि १० गुण मिळतात. चारच सिद्ध झाली तर तीन उरतात आणि ५ गुण मिळतात.

आता एकूण हिशेब. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, ३३ पूर्ण होताच २५; हे वय ऑस्ट्रेलिया सरकारकडून व्हिसाच्या अर्जासाठी निमंत्रण येते त्या दिवशीचे धरतात, त्यामुळे आपल्या बाबतीत पुढचा वाढदिवस पाच गुणांचा आहे. पदवीचे १५. इंग्रजीत आयईएलटीएस या परीक्षेच्या चारही भागांत ६ मिळाले तर पात्रता होते पण गुण शून्य. चारही भागांत ७ असल्यास १०, ८ असल्यास २०. पत्नीने ६ ची पातळी गाठली तर आणखी ५. म्हणजे इंग्रजीत ७ आणि पत्नीचे हे ५ गुण धरून आपली बेरीज ६५ किंवा ७० होते. किमान गुण ६५ असले तरी निमंत्रणे जास्त गुणांच्या अर्जदारांना आधी जातात, हे विसरू नये. कोणत्याही राज्याच्या शिफारशीविना मिळणाऱ्या १८९ क्रमांकाच्या व्हिसावर या व्यवसायाच्या माणसाने भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. राज्याने नामनिर्देशन केल्यास १९० क्रमांकाच्या व्हिसासाठी ५ आणि ४९१ या प्रादेशिक व्हिसासाठी १५ गुण वाढतात. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा असून महानगरांबाहेरच्या ठरवून दिलेल्या प्रदेशात तीन वर्षे राहून काम केल्यावर १९१ या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो. अ‍ॅडलेडसह सगळे दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्य या ‘प्रादेशिक’ व्याख्येत येते आणि बरोसा, मॅकलारेन व्हेल ही नावाजलेली खोरी तिथेच आहेत; इतरांना जी अट जाचक वाटते ती वाइनवाल्याला एरवीही पाळावीच लागली असती. मात्र प्रत्येक राज्याची व्यवसाययादी वेळोवेळी बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशीची अधिकृत यादी पाहूनच पैसे भरावेत.

तिकडच्या वाइनरीनेच नोकरी देऊ केली तर ४८२ क्रमांकाचा ‘स्किल्स इन डिमांड’ हा मार्ग आहे. डिसेंबर २०२४ पासून त्यासाठी अनुभवाची अट दोन वर्षांवरून एक वर्षावर आली आहे. त्यात गुणांची स्पर्धा नसते. पण व्यवसाय या व्हिसाच्या त्या वेळच्या व्यवसाययादीत हवा.

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आणि बेदाण्याचे शेड आहे. मुलगा बारावीनंतर दहा वर्षे बागच पाहतो. एक एजंट म्हणतो की १५ लाख भरले तर ऑस्ट्रेलियातील वाइनरी ‘वाइनमेकर’ म्हणून स्पॉन्सर करील. भरावेत का?
— एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : भरू नयेत. स्पॉन्सर करण्याच्या बदल्यात पैसे मागणे, देणे किंवा घेणे ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून बेकायदेशीर आहे आणि त्यात देणाराही अडकतो, त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. शिवाय खरड छाटणीपासून बेदाणा वाळवण्यापर्यंतचे आपल्या मुलाचे ज्ञान कितीही पक्के असले तरी ते द्राक्ष बागायतदाराचे आहे, वाइनमेकरचे नव्हे. तिथल्या वर्गीकरणात हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. वाइनचे एकही गाळप न केलेल्या माणसाच्या नावाने वाइनमेकरची कागदपत्रे तयार होणार असतील तर ती खोटीच असणार, आणि पकडली गेली की पुढची काही वर्षे व्हिसाची दारे बंद होतात. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा-सल्ला देणारा नोंदणीकृत आहे का हे तिथल्या सरकारी नोंदवहीत त्याच्या क्रमांकावरून तपासता येते, तर परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या भारतीय एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी असावी लागते. दोन्ही क्रमांक लेखी मागा.

मुलाला खरोखर या क्षेत्रात जायचे असेल तर आधी पदवी पूर्ण करावी. ऑस्ट्रेलियातील वॅगा वॅगा येथील चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात, अ‍ॅडलेडच्या विद्यापीठाच्या वेट संकुलात किंवा न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात द्राक्षशेती व वाइनशास्त्र शिकवले जाते. दहा वर्षे बाग सांभाळलेला विद्यार्थी तिथे पहिल्या दिवसापासून उपरा वाटणार नाही. त्या १५ लाखांतला काही भाग तरी शिक्षणावर लागावा.

प्रश्न : मी २५ वर्षांची, वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादा हंगाम ऑस्ट्रेलियात काढता येईल का? तो अनुभव पुढे धरला जाईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : येईल. ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा २०२४ पासून भारतीयांना खुला झाला असून वर्षाला १,००० जागा आहेत. वय १८ ते ३० हवे, आणि अर्जाआधी सोडतीत नाव निघावे लागते. मुक्काम वर्षभराचा, एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत काम करता येते, जे एका गाळप हंगामाला पुरून उरते. तिथला हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे आपल्याकडच्या जानेवारी ते मार्चच्या गाळपावरच पडतो. त्यामुळे तुम्हाला इथली नोकरी सोडून किंवा बिनपगारी रजा घेऊनच जावे लागेल, याचा मालकांशी आधी खुलासा करून घ्या. हंगामी माणसाला बहुधा सेलर हँडचे काम मिळते आणि ते वाइनमेकरच्या अनुभवात मोजले जात नाही. तरीही जावे, असे मी म्हणेन, कारण तुमचे काम डोळ्यांनी पाहिलेला तिथला वाइनमेकर पुढे ४८२ साठी नोकरी देऊ करण्याची शक्यता अनोळखी अर्जदारापेक्षा कितीतरी अधिक असते. जाण्यापूर्वी प्रयोगशाळेतल्या सध्याच्या कामाचे अनुभवपत्र, पहिल्या उत्तरात सांगितलेल्या तपशिलांसह, इथूनच घेऊन ठेवावे. नोकरी सुटल्यावर ते मिळवणे अवघड जाते.