लेप्टिन, भूक आणि वजन : वाचकांचे प्रश्न

उंदरांना एकमेकांना शिवून लेप्टिनचा शोध लागला, असं वाचलं. खरं आहे का?

लेप्टिन म्हणजे चरबीच्या पेशींत बनणारं, मेंदूला निरोप देणारं संप्रेरक. शिवणकाम आधीचं, लेप्टिन बऱ्याच नंतरचं. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये अखंड खात सुटलेले, बेढब लठ्ठ उंदीर सापडले. त्यांना 'ओबी' म्हणतात. पुढे १९६६ मध्ये लठ्ठ आणि मधुमेही असे 'डीबी' उंदीर मिळाले. तिथलेच संशोधक डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांची कूस शिवून त्यांचं रक्त एकमेकांत मिसळू दिलं. साध्या उंदराशी जोडलेला ओबी कमी खाऊ लागला. डीबीशी जोडलेला साधा उंदीर मात्र खाणं टाकून मेला, आणि डीबीशी जोडलेल्या ओबीचीही तीच गत झाली. डीबी स्वतः खातच राहिला! कोलमन यांनी अर्थ लावला तो असा : पोट भरल्याचा निरोप रक्तातून जातो. ओबीला तो तयारच करता येत नाही. डीबीकडे तो उतू जातो, पण घ्यायला कोणी नाही.

हा निरोप म्हणजे नेमका कोणता रेणू, ते १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने जनुक हुडकून दाखवलं. चरबीच्या पेशी १६७ अमिनो आम्लांचं प्रथिन बनवतात, त्यातली २१ छाटली जातात आणि उरलेलं १४६ चं लेप्टिन रक्तात उतरतं.

माझं वजन ९६ किलो आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या 'लेप्टिन कॅप्सूल' घेऊ का?

नका घेऊ. लेप्टिन प्रथिन आहे. गिळलं तर डाळीसारखं पचून जाईल. इन्शुलिनप्रमाणे ते टोचूनच द्यावं लागतं. शिवाय तुमच्या रक्तात ते कमी नसणार. चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त. फक्त मेंदू त्याला दाद देईनासा होतो. म्हणूनच सर्वसाधारण लठ्ठपणात लेप्टिनची इंजेक्शनंही फारशी चालली नाहीत.

जिथे ते मुळातच नसतं तिथे मात्र चमत्कार वाटावा असा गुण येतो. केंब्रिजमधल्या सदफ फारुकी आणि स्टीफन ओ'राहिली यांच्या गटाने १९९७ मध्ये दोन चुलत भावंडं नोंदवली. त्यातली मुलगी ८ वर्षांची आणि ८६ किलोची. लेप्टिन सुरू केल्यावर वर्षभरात तिचं वजन सुमारे १६ किलोंनी उतरलं.

मग रक्तातलं लेप्टिन तपासून घ्यावं का?

मोठेपणी वजन वाढलं असेल तर पैसे वाया. जन्मानंतर काही महिन्यांतच वजन सुसाट सुटलं आणि मूल खाण्यासाठी आकांत करत असेल, तर संप्रेरकतज्ज्ञांना जरूर दाखवा.

चार महिन्यांत ११ किलो उतरवले. आता आधीपेक्षा जास्त भूक लागते. मीच कच खातेय का?

नाही. चरबी घटली की लेप्टिन झपाट्याने पडतं. मेंदूतलं हायपोथॅलॅमस त्याचा अर्थ 'दुष्काळ आला' असा घेतं : भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च आखडतं. जठरातून येणारं घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक त्यात भर घालतं. मेलबर्नच्या २०११ मधल्या अभ्यासात हे बदल वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही टिकून होते. माझ्या मते लेप्टिनचं खरं काम हेच, उपासमारीची वर्दी देणं. त्याला 'बारीक करणारं संप्रेरक' म्हणून सगळा घोळ झाला.

म्हणून आता आणखी उतरवण्याच्या मागे लागू नका, सहा महिने आहे ते टिकवा. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर प्रत्येक जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. पातळ वरणाच्या वाटीत ती जेमतेम ४-५ ग्रॅम असतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, दोन अंड्यांत १२. आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम करा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाचं इंजेक्शन बंद केलं की वजन परत येतं का?

बहुतेकांचं येतं. एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परतला. हे औषध जीएलपी-१ या भूक शमवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतं. आतड्यातलं मूळ जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निकामी होतं, हे औषध आठवडाभर टिकतं. पण भुकेची यंत्रणा ते कायमची बदलत नाही.

बिघडतं ते बहुधा घाईमुळे. सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने, आणि डोस वाढवायचा तो चार-चार आठवड्यांनी. लवकर गुण यावा म्हणून थेट १ मिलिग्रॅमवर उडी मारली की उलट्या सुरू होतात, पाणी कमी पडतं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना सांगा. अशांना हे औषध देत नाहीत.