मिंगलान, आजी आणि तांदळातलं नाव

प्रिय मनू,

तुझा मेसेज परवा रात्री पावणेबाराला आला, मी तेव्हा भांडी आवरत होते. "आई, मिंगलान लग्न करून गू घराण्यात गेली तरी आडनावाने शेंगच राहिली, मग आजीचं कुसुमचं सुनंदा का केलं? आणि तिने चालवून कसं घेतलं?" आणि पुढे तीन डोळे फिरवणारे इमोजी. फोनवर सांगायला गेले तर तू हं हं करत दुसरंच काहीतरी बघत बसशील, म्हणून लिहितेय. निवांत वाच, मेसच्या रांगेत उभी राहून नको.

आधी कबुली. मी ती मिंगलानची चिनी सिरियल संपवली. तुझ्या चिनी रूममेटने तुला लावली, तू मला लावलीस आणि मी म्हणत होते की सत्तरच्या वर भाग कोण बघणार, तर तीन आठवड्यांत फडशा. तुझा बाबा म्हणतो घरात हल्ली वरणाला फोडणी कमी आणि सबटायटल जास्त. मला वाटलं होतं तलवारी घेऊन हवेत उडणारी माणसं असतील, पण हे तर घर निघालं, सासू, जावा, सावत्र बहिणी, कोणाच्या खोलीत कोळसा पुरेसा गेला आणि कोणाच्या खोलीत मुद्दाम कमी पाठवला. आपल्या मराठी सिरियलसारखं तीनदा चेहऱ्यावर कॅमेरा मारून ढँण ढँण नाही. तिथे बाई नुसता चहाचा कप खाली ठेवते आणि समोरचीचा पुढच्या चार एपिसोडचा निकाल लागतो. ती गोडबोली सावत्र सासू, छिन बाई, तिचं हसणं बघून मला आपल्याच नात्यातल्या कोणाचीतरी आठवण आली, नाव लिहीत नाही, तुला कळलं असेल.

आणि पहिल्याच भागातली ती लहानगी मिंगलान. मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी नवऱ्या मुलाकडून रानहंसांची जोडी आलेली, भाऊ ती पैजेवर लावून बसतो, आणि ही एवढीशी पोर सुरईत बाण फेकायच्या खेळात गू थिंगयेला, म्हणजे पुढे तिचा नवरा होणाऱ्यालाच, हरवून जोडी वाचवते. घरी शाबासकी मिळेल म्हणून आपण बघतोय तर आई काळजीत, असं चारचौघांत चमकू नये म्हणून. मी तिथे पॉज करून बसले, कारण मलाही लहानपणी हेच ऐकायला मिळायचं, फार पुढे पुढे करू नकोस. पुढे ती आई बाळंतपणात जाते, जाऊ दिली जाते म्हण, आणि मिंगलान सगळी सिरियलभर हुशारी लपवत फिरते. तिच्या पहिल्या प्रेमासाठी, त्या छी हंगसाठी, मी रडले हेही सांगून टाकते. एवढा देखणा, एवढा प्रेमळ, पण घरच्यांपुढे उभं राहता येत नाही. रडले खरी, पण माझ्या लेकीला तसला नवरा नको.

आता तुझा प्रश्न. मिंगलान शेंग राहिली हे बरोबर. चीनमध्ये लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव जात नाही, आणि 1950 च्या विवाह कायद्यात तर नवरा बायको दोघांनी आपापलं आडनाव वापरावं हा हक्कच लिहून दिला. पण मनू, जरा परत बघ, त्या घरात कोणी कोणाला नावाने हाक मारतं का? मिंगलानची सख्खी आई ही वडिलांची दुय्यम बायको, म्हणून पोरीने तिला आई म्हणायचं नाही, "शाव न्यांग" म्हणायचं, म्हणजे छोटी आई. आई हा शब्द थोरल्या बायकोसाठी राखीव. पोटच्या पोरीने आई म्हणू नये हे ऐकून माझा घास अडकला. मिंगलानच्या आजीला सगळे म्हातारी बाईसाहेब म्हणतात, तिचं स्वतःचं नाव मला एवढे भाग बघून आठवत नाही. मिंगलान सहावी म्हणून सहावी ताई, सहावी बहीण. आडनाव राहिलं, पण नाव सगळ्यांनी मिळून गिळलं. आणि ज्या ओळीवरून सिरियलला नाव दिलंय, हिरवं फुगलंय आणि लाल सुकलंय, ती ली छिंगचाव या बाईच्या कवितेतली, सुमारे 900 वर्षांपूर्वीची. रात्री वाऱ्यापावसात झाड झोडपलं गेलंय, दासी म्हणते फुलं आहेत तशीच आहेत, आणि ही म्हणते अगं कळत नाही का, पानं भरली असतील आणि फुलं ओसरली असतील. त्या बाईचं नाव मात्र टिकलं.

आपल्याकडे काय होतं ते बघ. मराठी माणसाचं नाव तीन डब्यांचं, स्वतःचं, वडलांचं, आडनाव. बाईचं लग्न झालं की मधल्या डब्यात वडलांच्या जागी नवरा बसतो, शेवटच्या डब्यात सासरचं आडनाव, आणि पुष्कळ घरांत पहिला डबासुद्धा बदलायचे. असा कायदा नाही बरं का, कधीच नव्हता, नुसती रीत. आजीचं लग्न 1971 साली वाईला झालं. घरात आल्यावर लक्ष्मीपूजनाला नवरदेवासमोर तांदळाचं ताट ठेवतात आणि तो अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, मग साखर वाटतात. आजी सांगते, ती मान खाली घालून बसलेली, मुंडावळ्या डोळ्यांवर, ताट तिच्याकडून उलटं दिसत होतं, त्यामुळे आपलं नाव काय झालंय ते तिला नणंदेने मोठ्याने वाचल्यावर कळलं. सुनंदा. नणंदेनेच सुचवलेलं. आजीच्या डोक्यात पहिला विचार काय आला माहितेय? शाळेच्या दाखल्याचं आता काय करायचं.

आणि झालंही तेच. 2008 साली आपण तिला इकडे मॉन्ट्रियलला बोलवायचं ठरवलं तेव्हा पासपोर्टसाठी दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर सुनंदा, तीनच्या तीन डबे वेगळे. खिडकीतला माणूस म्हणे, ह्या दोन बायका आहेत. आजी म्हणाली, हो, एक सातवी पास आहे आणि एकीला चार नातवंडं आहेत, तुम्हाला कोणती हवीय? मग अ‍ॅफिडेव्हिट, गॅझेट, पाच महिने गेले. आणि ज्या क्वेबेकमध्ये ती शेवटी येऊन पोचली तिथे 1981 पासून लग्न केलं तरी बाईने जन्माचंच नाव वापरायचं असा नियम! हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग मी उगाच एवढ्या लांब उशिरा आले.

चालवून कसं घेतलं, हे मी तिला कधी थेट विचारलं नाही. पण माझ्या लग्नातलं सांगते, हे तुला बहुतेक माहीत नाही. 1999, तेच ताट, तीच अंगठी, भटजींनी विचारलं नाव काय ठेवायचं, आणि तुझ्या आत्याने कागदावर चार नावं लिहून आणलेली, सगळी त्या वेळच्या हिरोइनींची. मी गप्प. तर आजी स्वयंपाकघराच्या दारातून, हातात साखरेचा डबा तसाच, म्हणाली, "आहे तेच लिही रे. छान आहे." बस एवढंच. कोणी काही बोललं नाही. बाबाने माझंच नाव तांदळात लिहिलं, त्यातही वेलांटी चुकवली.

आडनाव मात्र बदललंच माझं, ते खोटं कशाला बोलू, तेव्हा डोक्यातच आलं नाही. आज असते तर? माहीत नाही गं, तुझ्या शाळेच्या फॉर्मवर एकच आडनाव बघून बरंही वाटायचं.

आणि तू विचारतेस आजी आजोबांना नावाने का हाक मारायची नाही, तर मिंगलान तरी कुठे मारते, आधी काका आणि नंतर "ग्वानरन", आमच्या "अहो"चंच भावंड ते. फक्त आपल्याकडे त्या अहोची कसर उखाण्यात भरून काढतात, एरवी तोंडातून न निघणारं नाव चारचौघांत यमक जुळवून घ्यायचं. परवा व्हिडिओ कॉलवर मी आजीला लग्नाचा सीन दाखवला, चीनच्या सोंग राजवटीच्या काळातली नवरी म्हणून हिरव्या कपड्यात आणि नवरा लाल, तोंडापुढे पंखा. आजी खूश, म्हणाली बघ, हिरवा चुडा त्यांनाही कळतो, फक्त अंतरपाट हिलाच धरावा लागतोय. आणि आजोबा जाऊन सहा वर्षं झाली तरी बसल्या बसल्या म्हणाली,

"चिनी नवरी बघा कशी हिरवीगार नटते,
विनायकरावांचं नाव घ्यायला मी कशाला हटते."

हे मी रेकॉर्ड करायला विसरले, मला मार.

अजून एक. कऱ्हाडच्या मामाआजोबांचा फोन आला की ते पलीकडून ओरडतात, "काय गं कुशे!" आणि आजीचा आवाज बदलतो, अगदी पटकन. पुढच्या वेळी तू वाईला असशील तेव्हा बाजूला बसून ऐक. आणि तुझा तो दुसरा प्रश्न तिलाच विचार, मला नको, फक्त दुपारी तीननंतर, त्याआधी ती झोपलेली असते.

दहा तारखेला येतेयस ना? रूममेटलाही घेऊन ये, तिला साबुदाण्याची खिचडी करते आणि तिच्या आजीला घरात काय म्हणतात ते मला विचारायचंय.

आई