सहा व्होल्टची जुनी गाडी: आठ व्होल्टची बॅटरी बसवावी की गाडी बारा व्होल्टची करावी?

आपली १९५४ची अमेरिकी फोर्ड सहा व्होल्टची आहे आणि नाशिकच्या डिसेंबरातील पहाटे तिचा स्टार्टर जेमतेम फिरतो, असे आपण लिहिले आहे. बॅटरीचा विचार करण्याआधी केबल पाहावी. तेवढ्याच शक्तीसाठी सहा व्होल्टला दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे अर्धा व्होल्ट वाटेत गळाला तरी आठ टक्के गेले. आणि दुकानात सर्रास मिळते ती केबल बारा व्होल्टच्या गाड्यांची, म्हणजे बारीक असते. त्याऐवजी वेल्डिंगची जाड तांब्याची केबल घेऊन सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधून तिच्या टोकांना लग, म्हणजे बोल्टखाली आवळायच्या धातूच्या टोप्या, दाबून घ्यावेत, आणि अर्थचे टोक चॅसीवरचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळावे. आठ व्होल्टच्या वाटेला मी तरी जाणार नाही, कारण रेग्युलेटरचा, म्हणजे डायनॅमोचा व्होल्टेज काबूत ठेवणाऱ्या भागाचा, व्होल्टेज वाढवल्याखेरीज ती बॅटरी पुरती चार्ज होत नाही आणि वाढवला की बल्ब लवकर जातात. बारा व्होल्ट करायचेच, तर बल्ब, कॉइल, हॉर्न, डायनॅमो आणि रेग्युलेटर बदलावे लागतील. स्टार्टर मात्र थोडा थोडा वेळच फिरवल्यास सहसा तसाच चालतो. या फोर्डमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थला असते, हे जोडणाऱ्या मेकॅनिकला आधीच सांगून ठेवावे.