खेळायला मिळेल तिथे जा

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. छोटा क्लब बोलावतोय, तरी तू मोठ्या क्लबच्या बेंचवरच थांबायचं म्हणतोस. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू ‘हो सर, हो सर’ म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो.

तू लिहितोस, ‘सलाहलाही चेल्सीने बसवून ठेवलंच होतं की सर. माझीही वेळ येईल.’ हे वाक्य तुला कुणी शिकवलं माहीत नाही, पण माणसाच्या आयुष्याचा इतका उलटा अर्थ मी क्वचितच ऐकला असेल. इजिप्तच्या मोहम्मद सलाहची वेळ लंडनच्या चेल्सी क्लबात आलीच नाही. तो उठला आणि जिथे खेळायला मिळेल तिथे गेला. तुला त्याचे गोल पाठ आहेत, मधले महिने माहीत नाहीत. ते आज वाच.

जानेवारी २०१४. पोरगा एकवीस वर्षांचा. स्वित्झर्लंडच्या बासेलकडून त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या दोन्ही सामन्यांत त्याने चेल्सीवर गोल केले होते. लिव्हरपूललाही तो हवा होता, पण तो चेल्सीत गेला. तिथे आझार, विलियन, ऑस्कर आधीच होते. वर्षभरात लीगचे १३ सामने, २ गोल. त्यातही दुसऱ्या मोसमात लीगमध्ये जेमतेम ३ सामन्यांत पाय मैदानाला लागले. आता पुढचं नीट वाच. चेल्सी तेव्हा लीगमध्ये अव्वल होती आणि मे २०१५ मध्ये विजेती झाली. नुसतं बसून राहिला असता तरी विजेत्या संघात होता, पगार होता, जर्सीवर नाव होतं. तुझ्या बाबांच्या भाषेत ‘सेटल’. पण त्याआधी, फेब्रुवारीतच, तो लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, इटलीच्या फिओरेंतिनाला गेला. चेल्सीला त्यांचा खेळाडू कुआद्रादो हवा होता, त्या व्यवहारात हा तिकडे गेला. इंग्लंडमध्ये ‘हा फसला’ म्हणून लोक मोकळे झाले.

महिना-सव्वा महिना झाला असेल. ५ मार्च, तुरिन, समोर युव्हेंटस, इटालियन कपच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना. त्याने स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेतला आणि मागे लागलेल्यांना सोडून धावत जाऊन गोल केला. नंतर अजून एक. फिओरेंतिना २-१ ने जिंकली. तो गोल तू पाहिला आहेस. पुन्हा बघ, आणि चेंडू जाळीत जातो ते बघू नकोस, त्याच्या पहिल्या दहा पावलांकडे बघ. त्या पावलांना खेळायची सवय परत लागली होती. सराव कितीही कर, ही सवय सरावात लागत नाही. ती सामन्यातच लागते, समोरचा बॅक खरोखर पाय घालायला येतो तेव्हा.

मग रोमा, दोन मोसमांत लीगचे १४ आणि १५ गोल. २०१७ मध्ये लिव्हरपूल, आणि पहिल्याच मोसमात ३२ गोल, ३८ सामन्यांच्या लीगमधला तेव्हाचा विक्रम. पुढचं तुला माहीत आहे, मी ते उगाळत नाही.

खेळायला मिळेल तिथे जा. एवढंच म्हणतोय.

तू म्हणशील, त्याला निदान पुढेच खेळवत होते, मला तो छोटा क्लब लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणतोय. अरे, कैरोच्या मुकावलून क्लबच्या सोळा वर्षांखालच्या संघात सलाह लेफ्ट बॅकच होता! एनप्पी क्लबविरुद्ध संघ ४-० ने जिंकला, आणि हा बॅक रडत होता, कारण पुढे जाऊन मिळालेल्या संधी त्याने घालवल्या होत्या. प्रशिक्षक सईद अल शिशिनी यांनी ते पाहिलं आणि त्याला पुढे उजवीकडे आणलं. त्यांना ते दिसलं, कारण पोरगा मैदानात होता. बेंचवर रडणाऱ्याचं कुणाला काय दिसणार?

आणि त्या मैदानावर पोचायला तो काय करायचा? नागरिग हे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं गाव. तिथून बस्यून, तांता, मग कैरो, आपल्या वडापसारख्या मायक्रोबस बदलत, जायला चार-साडेचार तास आणि यायला तेवढेच. तुझी तक्रार हॉस्टेलच्या जेवणाची आहे. असो.

त्याच्या देशातच खेळायला मिळेनासं झालं तेव्हाही त्याने हेच केलं. १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये ७४ माणसं मेली आणि इजिप्तची लीग बंद पडली. एका पिढीचे पाय जागच्या जागी थांबले. मार्चमध्ये बासेलने इजिप्तच्या २३ वर्षांखालच्या संघाशी मैत्रीचा सामना ठेवला. सलाह दुसऱ्या अर्ध्यात उतरला, दोन गोल केले, आणि एप्रिलमध्ये बासेलचा झाला. कैरोच्याच जमालेक क्लबच्या अध्यक्षांनी त्याआधीच त्याला अजून बरंच शिकायचंय म्हणून नाकारलं होतं. फिओरेंतिनात त्याने जर्सीवर ७४ हा आकडा घेतला, तो त्या मेलेल्या माणसांसाठी. लीग बंद पडली म्हणजे काय होतं, हे त्याला माहीत होतं.

तू मिदोचं उदाहरण देशील म्हणून आधीच सांगतो. इजिप्तचाच अहमद हुसाम मिदोही क्लब बदलत राहिला: आयाक्स, मार्सेय, रोमा, टॉटनहॅम. अंगात काय नव्हतं त्याच्या? पण २००६ च्या आफ्रिका कपची उपांत्य लढत बघ, कैरोत, सेनेगलविरुद्ध, १-१. प्रशिक्षक हसन शहाता यांनी त्याला बाहेर बोलावलं, तर तो मैदानाच्या कडेला त्यांच्याशीच भांडायला लागला. त्याच्या जागी अम्र झकी आत गेला आणि लगेच डोक्याने गोल केला. मिदोवर सहा महिन्यांची बंदी आली आणि अंतिम सामना इजिप्तने त्याच्याविना जिंकला. पुढे झकी २००८ मध्ये इंग्लंडच्या विगनला गेला, पहिल्या काही महिन्यांत गोलांचा पाऊस पाडला, लीगमध्ये दहा गोल केले. मग देशाकडून खेळून परत यायला उशीर करू लागला, विगनचा प्रशिक्षक स्टीव्ह ब्रूसने त्याचे जाहीर वाभाडे काढले, आणि ते दहाचे दहाच राहिले. तेव्हा तुला उतरवलं नाही म्हणून प्रशिक्षकावर चिडणं, स्टेटस टाकणं, सरावाला उशिरा जाणं, यातलं काहीही करू नकोस. नम्रपणे सांग, आणि खेळायला मिळेल तिथे जा.

आता जे तुला आवडणार नाही ते लिहितो. तुला बेंच आवडायला लागलाय. तिथे चूक होत नाही. तिथे बसलेला प्रत्येक पोरगा मनात मोठा खेळाडू असतो, कारण त्याला कुणी चुकताना पाहिलेलंच नसतं. सहा फेब्रुवारी २०२२, आफ्रिका कपचा अंतिम सामना, पुन्हा सेनेगल, पेनल्टी. सलाह पाचव्या क्रमांकावर होता. त्याची पाळी यायच्या आधीच सामना संपला. मार्चच्या शेवटी तोच प्रतिस्पर्धी, सेनेगलमध्ये, वर्ल्ड कपच्या तिकिटासाठी, परत पेनल्टी. या वेळी इजिप्तची पहिली पेनल्टी घ्यायला सलाह आला. तोंडावर हिरव्या लेझरचे झोत पडत होते. चेंडू बारवरून गेला आणि वर्ल्ड कपही. साऱ्या जगाने त्याला चुकताना पाहिलं. २०१७ मध्ये काँगोविरुद्ध ९५ व्या मिनिटाला पेनल्टी मारून याच माणसाने देशाला १९९० नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला नेलं होतं. दोन्ही वेळा तो चेंडूजवळ होता. मला तुझ्यात तेवढंच हवंय. बाकी तुझा वेग, तुझा डावा पाय याबद्दल मी आजवर कधी शंका घेतली आहे का?

माझ्याबद्दल तू कधी विचारलं नाहीस, पण पेठेत लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर गेलं असेलच. मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संघात मी होतो, नोकरीसकट. संघ नावाजलेला, आणि मी त्याच्या बाकावर. विशीतली ती वर्षं, जेव्हा पाय सगळ्यांत जास्त पळतात, ती बाकावर गेली, आणि त्यांची हळहळ मला अजून आहे. मग मी राजीनामा दिला आणि गोव्यातल्या एका लहान क्लबकडे गेलो. वडील कितीतरी दिवस बोलले नाहीत. भाऊ आजही पेन्शनचा विषय काढतो. पुढे गुडघा गेला, मोठा खेळाडू काही मी झालो नाही, आणि लोकांना वाटतं त्यामुळे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. नाही ठरलं. त्या क्लबकडून मी पूर्ण नव्वद मिनिटं खेळलो, दर आठवड्याला, लाल मातीवर, चुकलो, शिव्या खाल्ल्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरलो. आज तुला जे काही शिकवतो त्यातलं बहुतेक मी तिथे शिकलो. राजीनाम्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहितोय असं तुला वाटत असेल, तर वाटू दे.

आणि तो क्लबही नाही म्हणाला, तर कोल्हापूरला ये. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघातून खेळ. इथले बॅक तुला आता फार शिकवणार नाहीत, पण घरच्या गर्दीसमोर चुकायची हिंमत पुन्हा येईल. बेंचपेक्षा तेही बरं.

आता काम. सोमवारी सरावाच्या आधी प्रशिक्षकांना एकटा भेट. ‘मला का खेळवत नाही’ असं विचारायचं नाही. ‘मला मोसम संपेपर्यंत लोनवर सोडाल का’ एवढंच विचार, आणि ते काय म्हणतात ते त्याच दिवशी लिहून ठेव. करारात लोनबद्दल काय आहे ते पान मला फोटो काढून पाठव. छोट्या क्लबला कळव की लेफ्ट बॅक चालेल, आणि ‘पण’ लावू नकोस. बाबांशी वाद घालू नकोस, त्यांनी तुझ्यासाठी कर्ज काढलंय, त्यांची काळजी खरी आहे. रविवारी संध्याकाळी मी घरी येतो आणि त्यांच्याशी बोलतो. आईला सांग, जेवूनच जाईन.

तुझा,
सर